बंपरची शिकवणी

स्प्रेने क्रोम केलेल्या बंपरला प्रतिबिंब दाखवता येत नाही, ते त्याला शिकवावं लागतं. खऱ्या क्रोमला ते उपजतच येतं. स्प्रे बिचारा नकलाकार, पाहिलं तेवढंच करणार.

जयसिंगपुरात हे काम इलाही पेंटर करतो. माझं बॅटरीचं दुकान त्याच्या गॅरेजला लागून आहे, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर असतं. गंज घासायचा, प्रायमर द्यायचा, वर चकचकीत काळा रंग आणि त्यावर डब्यातला रुपेरी स्प्रे, अगदी हलक्या हाताने. मग रंग कोवळा आहे तोवर घरच्यांनी पाळीपाळीने समोर बसायचं. आधी कर्ता पुरुष, मग बायका, पोरं, शेजारी, जमलंच तर एखादी म्हैस आणि एसटी. शेवटी वार्निश. वार्निश बसलं की शिकणं बंद. घाटगे मास्तरांनी म्हैस आणायचा कंटाळा केला, तर त्यांच्या गाडीचे व्हीलकॅप आजही म्हैस समोर आली की मास्तरांचे साडू दाखवतात. साडूंनी त्या घरी येणं सोडलं आहे.

बाबगोंडा चौगुल्यांनी त्यांच्या जुन्या फियाटचा बंपर इलाहीकडे आणला, तेव्हा नवरा-बायकोत अबोला होता. भाचीच्या लग्नाला एसटीने जाऊ, असं सुमतीकाकू म्हणत होत्या. चौगुल्यांनी हट्टाने फियाट काढली, ती अंकलीच्या पुलावर बंद पडली आणि अक्षता चुकल्या. "चुकलं माझं, एवढं म्हणा," हे काकूंचं मागणं. चौगुले म्हणेनात.

बंपरसमोर चौगुले स्टुलावर बसले. शेजारी काकूंसाठी दुसरं स्टूल मांडून ठेवलं होतं.

"जरा जाऊन सांग की रे तिला," ते मला म्हणाले. "म्हणावं, बंपर वाट बघायला लागलाय."

मी गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. "बंपरला म्हणावं, आधी मालकाला चुकलं म्हणायला शिकीव," त्या म्हणाल्या. "मग येते."

मी निरोप पोचवला. चौगुले बंपरकडेच बघत राहिले. मलाही बसता आलं असतं, पण घरच्यांचं झाल्याशिवाय परक्याने बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दुपार कलली आणि वावटळ उठली. धूळ चिकटली तर सगळं काम वाया जाणार, म्हणून इलाहीने घाईघाईने वार्निश मारलं. बंपर एकच माणूस शिकला.

त्यानंतर समोर कोणीही उभं राहो, चौगुलेच दिसायचे. आपण डोकं खाजवलं की चौगुले डोकं खाजवत. गावाने थोडे दिवस गंमत केली, मग सवय झाली. अबोला मात्र सुटला नाही. दिवाळीच्या सुमारास चौगुले झोपेतच गेले.

मुलगा संमेद पुण्याला असतो. गाडी चालवणार कोण, म्हणून त्याने ती विकायला काढली. निपाणीचं गिऱ्हाईक आलं. त्याने इंजिन ऐकलं, मान डोलावली आणि इलाहीच्या दारातच बंपरसमोर वाकून पाहिलं.

"हे कोण?"

"मालक," संमेद म्हणाला.

"मालक वारले म्हणालात."

"वारलेत. हे आधीचं शिकवलेलं आहे."

"ते बरोबर. पण माझ्या दारात उभा राहणार मी आणि दिसणार हे. लोकांनी नमस्कार कुणाला करायचा?"

मुद्दा रास्त होता. बंपर घासून पुन्हा स्प्रे करायचं ठरलं. इलाहीने पॉलिश पेपर पाण्यात भिजत टाकला. मला ते पाहवेना. दुकान तसंच उघडं टाकून मी काकूंकडे गेलो.

काकू आल्या आणि पहिल्यांदाच त्या बंपरसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी कपाळावरची बट मागे सारली. बंपरमधल्या चौगुल्यांनी नसलेली बट मागे सारली.

"इलाही, हे माझं ऐकतील?"

"ऐकणार न्हाईत, काकू. तुम्ही करशीला तसं करतील."

"ओठांचंपण?"

"ओठांचंपण."

"मग घासू नको. गिऱ्हाइकाला दुसरा बंपर लाव."

दुसरा बंपर भंगारात मिळाला. तो शिकवायला निपाणीकरांनी सगळं घर टेम्पोत घालून आणलं, म्हशीसकट.

जुना बंपर आता चौगुल्यांच्या सोप्यातल्या भिंतीवर आहे, काकूंच्या तोंडाच्या उंचीवर, दोन जाड खिळ्यांवर. परवा सकाळी त्यांच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला गेलो, तेव्हा काकू वेणी घालून त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

बंपरमध्ये चौगुल्यांचे ओठ तितक्याच सावकाश हलले. नंतर काकूंनी कोरड्या फडक्याने बंपर पुसला. ओल्या फडक्याने स्प्रेचा क्रोम निघतो, असं इलाहीने सांगून ठेवलं आहे.