सोपानरावांचे नवे तोंड

उस्मानपुऱ्यातील माझे शेजारी सोपानराव आपल्या चेहऱ्याची ओळख भागाभागाने करून देतात. पाहुणा बसला, पाणी प्याला, की ते डोक्यावरून हात फिरवून सांगतात, "ही लागवड संक्रांतीची. डोळ्याखालच्या पिशव्या होळीला काढल्या. नाक मातर जुनंच हाय, वडिलोपार्जित." वडिलोपार्जित मालमत्तेत इतर वारसांच्या संमतीविना फेरफार करू नये, हे त्यांना मीच एकदा समजावून दिले होते. त्या ज्ञानाचा विनियोग ते नाकाच्या कामी करतील, याची मला कल्पना नव्हती.

मी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. सोपानरावांचे निम्मे आयुष्य बिडकीनच्या माळावर मेंढरांमागे गेले. जमिनीचा मोठा तुकडा कारखान्यांच्या वसाहतीत गेला, मेंढरे विकली गेली आणि हा विधुर गृहस्थ माझ्या समोरच्या सदनिकेत येऊन राहिला.

पुरुषांनी सुंदर दिसू नये, असा कायदा नाही, हे मी मान्य करतो. तथापि आमच्या चौकात पूर्वी शिकवणी वर्गांचे फलक होते. आता निम्म्या फलकांवर डावीकडे एक टकला पुरुष आणि उजवीकडे तोच केसाळ झालेला असतो. बजाजनगरचे सुपरवायझर हनुवटीखालची चरबी काढून घेण्यासाठी रजा टाकतात. बँकेतून निवृत्त झालेली माणसे भर उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे टोपी घालून हिंडतात आणि कारण विचारले की सर्दी सांगतात. फलकावरील डावा आणि उजवा इसम एकच नसून त्यांचे कान सरळसरळ भिन्न आहेत, असे सप्रमाण पत्र मी महापालिकेला धाडले. पोच आली. उत्तर यायचे आहे.

सोपानरावांची लागवड झाली ते वर्ष दुष्काळाचे होते. आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येई. डॉक्टरांनी नव्या केसांवर दर अर्ध्या तासाने पाणी फवारायला सांगितले होते. खाली बायामाणसे टँकरची वाट पाहत रांगेत उभी आणि वर गॅलरीत हे बाटलीने डोके शिंपीत उभे.

"सोपानराव, लोकांना प्यायला पाणी नाही," मी म्हणालो.

"रोपं हायेत साहेब. असल्या सालात रोपं जगवायची म्हंजी खायचं काम नाय."

मी सोसायटीच्या उपविधींचा दाखला देऊन त्यांना लेखी नोटीस बजावली. त्यांनी ती माझ्याकडूनच वाचून घेतली. "अक्षर लई झकास हाय तुमचं," म्हणाले आणि ती फ्रीजला चिकटवली. दुसऱ्या दिवसापासून पाणी फवारताना ते माझ्याकडे पाठ करू लागले, एवढाच तिचा अंमल झाला.

या माणसाचे एकच दुखणे होते, ते म्हणजे धाकटा भाऊ लिंबाजी. मागच्या एका दुष्काळात, माळावर टँकर आला असता कोणाची मेंढरे आधी पाजायची यावरून दोघे भांडले. लिंबाजीच्या हातात फांद्या ओढायची लोखंडी आकडी होती. तिने सोपानरावांचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत उघडला. हा उघडउघड फौजदारी गुन्हा होय. सोपानरावांनी तक्रार दिली नाही, याचा राग मला आजही आहे. "भाऊ हाय," एवढेच ते म्हणत.

तेव्हापासून लिंबाजी भावाच्या घरी आला नाही. कुणाच्या मातीला आलाच तर जमिनीकडे पाहत उभा राही आणि तसाच निघून जाई. दोघांच्या सामाईक चार एकरांच्या वाटणीपत्राचा मसुदा माझ्या कपाटात तीन वर्षे पडून होता. सोपानरावांना त्या चार एकरांचे काही नव्हते. दिवाळीला दोन ताटे वाढून घेत आणि म्हणत, "एकडाव हितं येऊन जेवला म्हंजी झालं. मंग सगळं रान त्यालाच घेऊ द्या."

डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना ते मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. संमतीपत्र मी तीन वेळा वाचले. त्यावर एकच काम लिहिले होते: गालावरील वण.

"ह्याच्यासंगं अजून तीन-चार कामं घाला," सोपानराव म्हणाले.

"कसली?" डॉक्टरांनी विचारले.

"तुमीच बघा की. असल्या थोबाडात काय, काढाल तेवढी निघतील."

मी संतापलो. यांच्या प्रतिज्ञापत्रात ओळखीची खूण म्हणून तोच वण मी स्वहस्ते नोंदवला होता. "ही खूण आता तुमची खाजगी बाब नाही," मी बजावले, "ती अभिलेखात आहे."

"मंग अभिलेखाला कळवा, खूण वारली म्हणून."

यंदा लिंबाजीला मुलीच्या शिक्षणासाठी आपला हिस्सा मोकळा करून हवा होता. तो निबंधक कार्यालयात आला, पण दूरच्या बाकावर फरशी न्याहाळत बसला. लिपिकाने सोपानरावांची कागदपत्रे पुढे घेतली.

"फोटोत टक्कल आहे, इथं केस. कागदात वण आहे, इथं गाल गुळगुळीत. हे तेच कशावरून?"

असा आक्षेप कोणीतरी घ्यावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. प्रत्यक्षात मात्र सोपानरावांचे तोंड उतरलेले पाहून मी म्हणालो, "सख्खा भाऊ हजर आहे. त्याला विचारा."

"अहो लिंबाजी, इकडं या. तोंडाकडं नीट बघून सांगा, हा तुमचा भाऊच ना?"

लिंबाजी उठला. कायद्यानेच विचारल्यामुळे त्याला मान वर करावी लागली. डाव्या गालावर त्याची नजर बराच वेळ खिळली.

"व्हय. दादा हाय माझा." मग हळूच म्हणाला, "दादा, त्यो वण?"

"आरं, केसं लावाया गेलो तर डॉक्टर म्हणला, पॅकेजात हे बी फुकट हाय. म्हणलं, काढ."

लिंबाजी त्या केसांकडे, त्या ताणलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिला आणि एकाएकी हसू लागला. "म्हातारपणी काय शौक सुचला रं तुला. मेंढरागत कातरून ठेवलंय."

सह्या झाल्या आणि तो भावाच्या घरी जेवायला आला. तो आत हात धूत असताना मी सोपानरावांना दारात गाठले.

"तुम्ही शासकीय कार्यालयात असत्य विधान केलेत. संमतीपत्र मी वाचले आहे. तुम्ही गेलात तेच मुळी वण काढायला. बाकीचे तुम्ही मागाहून घातलेत."

सोपानरावांनी आत एकदा पाहून घेतले आणि आवाज खाली आणला.

"नुसता वण काढला असता तर त्याला कळलं असतं साहेब, ह्यानं माझ्यापायी काढला. मंग त्यो जलमभर वर बघितला नसता. आता दादा येडा झाला म्हणून हसतो तरी."

इतक्यात लिंबाजी हात पुसत बाहेर आला. "दादा, हे खरंच उगवलंय का चिकटवलंय?" असे म्हणून त्याने त्या केसांकडे हात नेला. तो भावापेक्षा वीतभर बुटका. त्याचा हात पोहोचावा म्हणून सोपानराव किंचित वाकून उभे राहिले.