तराळ्यांची सावली भिंतीपलीकडे

चैत्र सरता सरता पुंडलिकराव तराळ्यांच्या परसातल्या कडुलिंबाची सावली भिंत ओलांडून शेजारच्या भारसाकळ्यांकडे राहायला गेली. झाड जिथल्या तिथे होतं.

पुंडलिकरावांनी तसं मंडळाला कळवलं, आणि चिटणीस या नात्याने पाहणीला मला जावं लागलं. मंडळ म्हणजे आमच्या मूर्तिजापुरातलं हौशी हवामान निरीक्षकांचं मंडळ. सभासदांच्या परसात थर्मामीटर लटकलेले असतात, पावसाची मापं ठेवलेली असतात आणि दर महिन्याला प्रत्येकाने आपला तक्ता माझ्याकडे आणून द्यायचा असतो. तक्त्याचा शेवटचा रकाना ‘परसातले उपद्रव’ असा आहे. तो भरताना सभासदांच्या अंगात जो उत्साह येतो, तो तापमान लिहिताना कधी येत नाही. कोणाच्या पावसाच्या मापात गांधीलमाश्या घर करतात, कोणाच्या ओल्या थर्मामीटरची चिंधी वानर पळवून नेतं. आमचे अध्यक्ष सरोदे सर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बाष्पीभवनाच्या परातीतलं पाणी मांजर पितं, आणि ते बाष्पीभवनात धरावं की नाही यावर आम्ही दोन उन्हाळे भांडलो आहोत. पण सावली निघून गेल्याचं त्या रकान्यात अजून कोणी लिहिलं नव्हतं.

मी भर दुपारी गेलो. कडुलिंब नेहमीसारखा हिरवागार, भरगच्च उभा होता आणि त्याच्या बुंध्याशी रखरखीत ऊन पडलं होतं. खोडाला खिळा, खिळ्याला थर्मामीटर. थर्मामीटरची बोटभर सावली मात्र खोडावर होती. ती त्याची स्वतःची असल्यामुळे गेली नव्हती.

“पाहा, बोबडे,” पुंडलिकराव म्हणाले. “तीस वर्षांचं केंद्र हाय माह्यं. लेकीच्या लग्नातही खाडा पडू देला नाही. अन् आता हे असं.”

यात फुशारकी नव्हती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस मंडळाचा कणा होता. सुयोग कॉलनीतून जाणारा कोणीही त्यांच्या फाटकाशी सायकल थांबवून विचारायचा, “काका, आज किती?” आणि पुंडलिकराव आतून सांगायचे, “चव्वेचाळीस पूर्णांक सहा.” ‘पंचेचाळीसच्या आसपास’ असं त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. तसं बोलणाऱ्याची त्यांना कीव यायची, आणि खरं सांगायचं तर मलाही येते.

आम्ही स्टूल घेऊन भिंतीवरून पलीकडे पाहिलं. भारसाकळ्यांच्या परसात एक तुळस आणि एक बंद पडलेली स्कूटर. झाड नाही. तरी मधोमध गर्द, थंड सावली पसरली होती. तीत खाट टाकून भारसाकळ्यांची आई निजली होती. बाजूला माठ होता आणि तिघंजण पत्ते खेळत होते.

सावली तराळ्यांचीच कशावरून, हे मला ठरवायचं होतं. कडुलिंबाची एक फांदी मागे वादळात मोडली होती. तिथून उन्हाचा एक कवडसा पडायचा. तोच कवडसा आता भारसाकळ्यांच्या माठावर पडला होता. तेवढ्यात आमच्या बाजूच्या झाडावरून एक खार सुरसुर खाली उतरली आणि तिची सावली भिंतीपलीकडे पत्त्यांवरून पळत गेली. खेळणाऱ्यांनी मान वर केली नाही. त्यांना सवय झाली असावी. मी टिपणात ‘ओळख पटली’ असं लिहिलं.

भारसाकळे कूलर दुरुस्त करतात. माणूस सज्जन आहे. आम्हाला पाहून ते हात पुसत भिंतीशी आले.

“मी काही बोलावली नाही तिले, काका,” ते म्हणाले. “सकाळी उठून पाहतो तं परसात. आता आलेल्या पाहुणीले जा कसं म्हणावं? तुमीच घेऊन जा समजावून.”

“कसं घेऊन जाऊ?”

“ते मले काय माहीत? तुमची हाय ना.”

हे त्यांनी भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. पण पुंडलिकराव स्टुलावरून उतरले ते थेट घरात गेले.

इथे मंडळाचा तिसरा नियम सांगणं भाग आहे. थर्मामीटर झाडाच्या सावलीत लावावा आणि त्या सावलीत कोणी बसू नये. खाट टाकू नये, माठ ठेवू नये, धुणं वाळत घालू नये. माणसाच्या अंगची ऊब आकड्यात उतरते. इतर सभासद हा नियम जमेल तसा पाळतात. पुंडलिकराव जिवापाड पाळत. त्यांची मुलं त्या झाडाखाली एक दिवसही न खेळता मोठी झाली आणि पुण्याला गेली. परसाकडच्या खिडकीत कूलर लावला तर दमट हवा बाहेर जाईल म्हणून ती खिडकी उन्हाळाभर कोरडी. त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई गच्चीवर कुरडया घालून घामाघूम खाली आल्या, की स्वयंपाकघरात पंख्याखाली बसत. कधी दमून झाडाखाली टेकल्याच तर आतून आवाज यायचा, “उठ वं, रीडिंगची वेळ झाली.”

मी चहा घेत असताना प्रमिलाबाई त्याच खिडकीशी उभ्या होत्या.

“तीस वर्षं पाहून राहिली मी ही सावली,” त्या म्हणाल्या. “इथून.”

मी हे टिपणात घेतलं नाही. त्याचा विषयाशी संबंध नव्हता.

मंडळाची बैठक सरोदे सरांच्या ओसरीवर झाली. पहिला प्रश्न असा होता की सावली जाणं हे हवामान की उपद्रव. हवामान असेल तर आपण फक्त नोंद घ्यायची, हात लावायचा नाही. उपद्रव असेल तर बंदोबस्त करता येतो. बरीच वादावादी झाल्यावर सरांनी निकाल दिला की सावली यातलं काहीच नसून ती उपकरणाचा भाग आहे. म्हणजे तराळे केंद्राचं उपकरण बिघडलं आहे. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर केंद्र रद्द.

पुंडलिकरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मला वाईट वाटलं, पण ठरावावर सही मीही केली.

त्यांनी प्रयत्नात कसूर केली नाही. पालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, “काका, झाड शेजाऱ्यावर पडलं तर आमी येतो. सावली पडली तर येत नाही.” मग त्यांनी झाडाला पाणी घातलं, बुंध्याला आळं केलं, वाळक्या काटक्या काढल्या. झाडाला नवी पालवी फुटली. तिची सावलीसुद्धा भारसाकळ्यांकडे पडली.

अशात प्रमिलाबाईंचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी हातपंखा घेतला, वाटीत शेंगदाणे घेतले आणि लंगडत लंगडत त्या भारसाकळ्यांकडे जाऊन खाटेवर बसल्या.

“लोकाच्या परसात जाऊन बसते?” पुंडलिकरावांनी भिंतीवरून विचारलं.

“लोकाचं परस असन,” त्या म्हणाल्या. “सावली तं घरचीच हाय.”

मग त्या रोज जाऊ लागल्या. भारसाकळ्यांच्या आईशी त्यांचं चांगलं जमलं. दोघींचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पुंडलिकराव इकडे एकटेच जेवत, ताट घासून ठेवत आणि बाहेर येऊन उन्हातला थर्मामीटर वाचत. तो आकडा ते कोणाला सांगत नसत, कारण तो उन्हातला होता. फाटकाशी कोणी विचारलं, तर “केंद्र बंद हाय” म्हणत. असं म्हणताना त्यांचा आवाज पडायचा. महिनाअखेर जवळ येत होती. त्यांची बायको आणि त्यांची सावली एकाच खाटेवर पलीकडे होती, आणि स्टुलावर चढलं की भिंत संपत होती.

शेवटी सरोदे सरांनी तोडगा काढला. सावली इकडे येत नसेल तर थर्मामीटर तिकडे न्यावा. मात्र तिसरा नियम तिथेही लागू. भारसाकळ्यांनी आढेवेढे न घेता परस मोकळं केलं. खाट आत गेली, माठ गेला, पत्ते गेले. प्रमिलाबाई हातपंखा उचलून घरी आल्या. आम्ही मधोमध बांबू रोवून त्याला थर्मामीटर लावला आणि सगळे भारसाकळ्यांच्या ओसरीत जाऊन उभे राहिलो.

सावली थोडा वेळ रिकाम्या परसात पडून होती. मग तिची एक कड उचलल्यासारखी झाली. ती हळूहळू सरकत पलीकडच्या मोकळ्या प्लॉटात गेली. तिथे कोणाची तरी म्हैस उन्हात बांधलेली होती. सावली तिच्यापाशी जाऊन थांबली. म्हशीने एकदा मागे वळून पाहिलं आणि ती खाली बसली.

“म्हशीची ऊब माणसाहून जास्त,” सरोदे सर म्हणाले. “तिथं केंद्र होऊ शकत नाही.”

पुंडलिकराव म्हशीकडे पाहत राहिले. मग त्यांनी बांबूवरचा थर्मामीटर सोडवला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि घरी नेऊन जुन्या खिळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, “येऊन जा.” मी गेलो तर त्यांनी माळ्यावरची जुनी बाज काढून कडुलिंबाखाली टाकली होती आणि रणरणत्या उन्हात ते तिच्यावर बसले होते. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात कांदा.

“पुंडलिकराव, तिसरा नियम मोडतो आहे,” मी म्हणालो.

“माहीत हाय.”

मी खिडकीखाली घराच्या भिंतीला चिकटून उभा राहिलो. तिथे पन्हाळीची वीतभर सावली होती. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. आतून प्रमिलाबाई दाराची चौकट धरत बाहेर आल्या.

“वेड लागलं काय तुमाले? ऊन लागून जाईन ना! चला आत.”

“तू बस.”

“उन्हात?”

“सध्या ऊनच हाय.”

“अन् तुमचं रीडिंग?”

पुंडलिकरावांनी दुपट्ट्याच्या टोकाने कपाळ पुसलं. ते मितभाषी नाहीत, पण पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं, ते दिसत होतं.

“तीस वर्षं तुले उठ उठ म्हणलं,” ते म्हणाले. “आज बस म्हणून राहिलो. बस ना वं.”

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी टिपणवहीत पाहू लागलो. मग त्या सुजलेला गुडघा सांभाळत बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि पदर डोक्यावर ओढून त्यांनी हातपंख्याने आधी पुंडलिकरावांना वारा घातला. पंखा हलला तशी बाज करकरली.

बराच वेळ काही झालं नाही. मला घाम फुटला होता. तेवढ्यात झाडावरची खार खाली आली आणि मला तिची सावली भिंतीच्या पायथ्याशी दिसली, आमच्या बाजूने. तिच्यामागून बाकीची सावली भिंत चढून आली, उतरली, आणि जमिनीवरून येत येत बाजेवर चढली. मोडक्या फांदीचा कवडसा पुंडलिकरावांच्या मांडीवर येऊन पडला. प्रमिलाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला.

“आली वाटते,” त्या म्हणाल्या.

“हाव,” पुंडलिकराव म्हणाले. “सरक थोडी, तुह्या पायावर ऊन हाय अजून.”

मी पुढे होऊन थर्मामीटर वाचला. आकडा मी निघताना माझ्या केंद्रावर पाहिलेल्या आकड्यापेक्षा एका अंशाने जास्त होता. मी स्पष्ट सांगितलं की माणसं बसली असताना घेतलेला आकडा मंडळाला चालत नाही. माणसं उठली तर सावली राहायची नाही, आणि सावलीशिवाय आकडा नाही. दोन्हीकडून केंद्र रद्दच. मी हे शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

“बरोबर हाय,” पुंडलिकराव म्हणाले.

त्यांनी बसल्या जागेवरून हात वर करून खिळ्याचा थर्मामीटर काढला, दुपट्ट्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. तो मी मुलाला घ्यावं तसा दोन्ही हातांनी घेतला. मग त्यांनी प्रमिलाबाईंच्या हातातल्या पंख्यासाठी हात पुढे केला आणि ते दोघांनाही वारा घालू लागले. थोड्या वेळाने प्रमिलाबाईंचा डोळा लागला, तेव्हा त्यांनी पंखा अलगद खिळ्याला अडकवला.

फाटकाशी सायकलची घंटी वाजली.

“काका! आज किती?”

पुंडलिकरावांची नजर सवयीने खिळ्याकडे गेली. तिथे पंखा होता. त्यांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. बाजेवर पाय लांब करून त्या घोरत होत्या, आणि खारीची सावली त्यांच्या लुगड्यावरून ये-जा करत होती.

“आज बरं हाय,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

सायकलवाला पुढच्या आकड्यासाठी जरा थांबला. मग निघून गेला.

केंद्र बंद झाल्यामुळे तराळ्यांची त्या दिवशीची नोंद तक्त्यात घेता येत नव्हती. तरी मी घरी जाऊन त्यांच्या नावापुढे उपद्रवाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि कमाल तापमानाच्या रकान्यात ‘बरं’ लिहिलं. सरोदे सरांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं आणि खाली सही केली.