हजर, पण लक्ष नाही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या देगलूरकर बाई कुकरला मार्क देतात. डाळ नीट शिजली तर दहापैकी सात, कच्ची राहिली तर तीन आणि वर 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा. दूधवाला, लिफ्ट, दिलसुखनगरचं ट्रॅफिक, त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नाही. मला सध्या साडेपाच आहेत. जिन्यातला दिवा बदलला तेव्हा सहा होते, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला डुलकी लागली आणि अर्धा गेला.

बाई कोठी भागातल्या एका मराठी शाळेत शिकवायच्या. घराणं कित्येक पिढ्या हैदराबादेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दखनी उर्दू अशी मुरलीय की त्यांना ती मराठीच वाटते. मी एकदा विचारलं, "बाई, काही प्रॉब्लेम आहे का?" तर त्या डोळे वटारून म्हणाल्या, "कदम, मराठी माणूस ना तुम्ही? प्रॉब्लेम काय! आपल्यात शब्द नाही का? परेशानी म्हणा की जी!"

शाळेतले मराठीचे वर्ग एकेक करून बंद झाले. बाई रिटायर झाल्या. घरात दुसरं कुणी नाही. वर्षभर त्यांनी कुकरला आणि आम्हाला शिकवून पाहिलं, मग एक लॅपटॉप घेतला आणि दर रविवारी संध्याकाळी मराठी वाचन शिकवायला लागल्या. इथल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, हे त्यांचं कायमचं दुखणं. "रविवारी माझा वर्ग असतो," असं त्या इतक्या ऐटीत सांगायच्या की पंचवीस-तीस पोरं तरी असतील, असं मी धरून चाललो होतो.

तर त्या रविवारी मी जेवून आडवा झालो होतो आणि खालून हाक आली. बाईंच्या हाकेला उठून उभंच राहावं लागतं.

"कदम, हा बघा. सकाळपासून असाच करतोय. हजर आहे, पण लक्ष नाही!"

लॅपटॉप टेबलावर, नीट पुसलेला. मी पाहिलं. वायफाय जोडलेलं, रेघा भरलेल्या आणि खाली लिहिलेलं, इंटरनेट नाही. बाईंचं निदान अगदी बरोबर होतं. वर्गात येऊन बसलाय, विचारलं तर उत्तर देत नाही.

मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, त्यामुळे या विषयातलं मला सगळं कळतं, अशी बिल्डिंगमध्ये समजूत आहे. ती मीच पसरवली आहे. मी राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायचं नाव पुसून पुन्हा पासवर्ड घातला. लॅपटॉप पुन्हा आज्ञाधारकपणे जोडला गेला आणि पुन्हा ढिम्म. बाईंच्या फोनवर मात्र त्याच वायफायवर सगळं सुरळीत चालत होतं.

"मग फोनवरच घ्या ना आजचा वर्ग."

"वर्गात फोन आणायला बंदी आहे," बाई म्हणाल्या.

"बरं, माझ्या फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देतो."

"नक्को. शेजारच्याचं बघून लिहायचं नाही."

माझं डोकं फिरलं. मी इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रेपु वस्तानु सार." उद्या येतो. हैदराबादेत राहणाऱ्याला या उद्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

बाई खुर्चीत बसल्या. बसल्या तेव्हा एकदम लहान दिसल्या. "मागच्या रविवारी हा मधेच अडकला. आज पण नाही झाला तर वर्ग मोडतो हो. शाळेत बघितलंय मी. एक दिवस बाक रिकामा राहतो, मग कुणी परत येत नाही."

बाईंनी असं बोललेलं मला आवडलं नाही. त्या ओरडतात तेव्हा बरं असतं. मी म्हटलं, "तुमचा फोन द्या. कंपनीचं ॲप असेल, त्यात बघतो."

ॲपमध्ये घरातली दोनच यंत्रं दिसत होती, फोन आणि लॅपटॉप. लॅपटॉपच्या पुढे थांबवल्याची खूण होती.

"बाई, याचं इंटरनेट तुम्ही बंद केलंय?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जोडायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, पोरं ऐकत नसली की हे दाबायचं. हा मागच्या रविवारी अडकला, वर मला चाक फिरवून दाखवत होता. मग वर्गाबाहेर काढलं. दहा मिनिटं."

"आणि?"

"आत घ्यायचं विसरले."

मी हसणार होतो. पण बाई लॅपटॉपकडे अशा बघत होत्या की हसू आलंच नाही. "शाळेत असं कधी झालं नाही हो, कदम. पोराला बाहेर काढलं की मी फळ्यावर लिहायची, पण ध्यान सगळं दाराकडे. दहा मिनिटं व्हायच्या आधीच आत घ्यायची." मग त्यांनी स्वतःच ती खूण दाबली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ये. बस जागेवर."

आणि तो बसला! इंटरनेट सुरू झालं. माझ्या साडेपाचांचे सात झाले असते, पण ते विचारायची ही वेळ नव्हती. बाईंनी केस सारखे केले, चष्मा पुसला आणि वर्ग उघडला.

पडद्यावर एकच चौकट आली. तीत नर्सच्या पोशाखातली चाळिशीची एक बाई. मागे लोखंडी कपाटं. बाकीच्या चौकटी कधी उघडतात म्हणून मी वाट बघत राहिलो. एकही उघडली नाही. वर्ग म्हणजे एवढाच.

"वाघमारे वंदना," बाईंनी खणखणीत हजेरी घेतली.

"हजर, बाई! मला वाटलं आजपण क्लास नाही. मी निघालेच होते, कुकटपल्लीची बस धरायला. मग म्हटलं, थोडं थांबावं."

"असं जायचं नाही. गेली असतीस तर आईला काय वाचून दाखवणार होतीस?"

"नांदेडला जायचंय पुढच्या महिन्यात. तिला दिसत नाही आता. पेपर वाचून दाखवीन म्हणते. आपलं आपण कधी मराठी वाचलंच नाही मी, शाळा सगळी तेलुगूत झाली."

मी पाय न वाजवता दाराकडे निघालो. वंदनाबाई धडा उघडत होत्या. इथे माझं काही काम नव्हतं, आणि दोन माणसांच्या वर्गात तिसऱ्याने उभं राहून बघणं बरं दिसत नाही.

"कदम सुहास," मागून हजेरीच्याच आवाजात नाव आलं.

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. नजर पडद्यावर, हात मात्र शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर. घरी चहा वाट बघत होता, मॅच चालू होती. मी परत आलो आणि त्या खुर्चीत बसलो.

"हजर, बाई."

"नुसतं हजर नको," बाई म्हणाल्या. "लक्ष पण असू द्या."