आजीच्या रोटीला नातीची परीक्षा

तुळसाबाईंच्या मनगटाचं प्लास्टर निघून दोन महिने झाले, तरी वणीच्या त्या गल्लीत त्यांच्या हाताला कुणी काम लागू देत नव्हतं. आजारी माणसाच्या हातातली वाटी काढून घेणं ही तिथली रीतच. मुलगा संघदीप खाणीवरचा ट्रक लावून आला की आईला घास भरवी. शेजारच्या हंसाबाई वेणी घालून देत. एवढी सेवा होऊन हात मात्र अवघडलेलाच.

मग नागपूरहून नात आली. मैत्रेयी ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे दुखण्यानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवण्याचं, मास्टर्स करत होती. तिनं आल्याआल्या विचारलं, "आजी, तुले या हातानं काय करायचं हाय?"

"डॉक्टर तू हायेस का मी?"

"ठरवायचं तूच. आमच्या शिक्षनात पयलं तेच शिकवतात."

तुळसाबाईंनी विचार करायला वेळ घेतला नाही. "लांब रोटी टाकायची हाय मले."

चुलीवर मडकं उपडं ठेवायचं, सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत पार कोपरापर्यंत ताणायचा आणि तापल्या मडक्यावर अलगद पसरायचा. धडधाकट बायांचीही यात फजिती होते.

सहा आठवडे नात समोर बसली. पाट उंच करून दिला, डब्याच्या झाकणाला फडकं गुंडाळून दिलं, आणि बसली. आजीनं एक झाकण उघडायला अर्धा तास लावला, तरी ही बसलेलीच.

"सहा वर्षं शिकून पोरगी बसायले शिकली," संघदीप म्हणाला.

"बाबा, लागते तेवढीच मदत करायची. एक बोटही जास्त नाही. चांगले चांगले नापास होतात याच्यात."

शेवटची परीक्षा घरातच होती. परीक्षक मॅडमसमोर आजीनं ठरवलेलं काम आजीनंच करून दाखवायचं. नाही जमलं, किंवा मधे कुणी हात घातला, तर मैत्रेयीचं वर्ष गेलं. तिनं हे गल्लीला बजावून सांगितलं. गल्लीनं मान डोलावली.

मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या. तुळसाबाईंनी सकाळी स्वतःच तिंबलेल्या कणकेत हात घातला आणि थांबल्या.

"ही कनिक माह्या हातची नाही. पीठ कोनं घातलं?"

हंसाबाई आढ्याकडे पाहू लागल्या. "दोनच मुठी घातलं ना वो. घट्ट असली म्हंजे फाटनार नाही, असं वाटलं मले."

मैत्रेयीचं तोंड उतरलं. घट्ट कणकेची रोटी ताणत नाही, तुटते. पण तुळसाबाईंनी पाणी मागितलंही नाही, स्वतः ओतलं, आणि कणीक परातीवर आपटायला घेतली. दुखरा हात वर जाई, खाली येई. महिन्याभरापूर्वी याच हातातून चमचा गळत होता. मॅडम लिहायचं विसरल्या.

कणीक सैल झाली. गोळा हातांवर झुलला, लांबला, आणि नेमकं मनगट वाकलं. रोटी एका बाजूनं घसरली.

हंसाबाई धावल्या. संघदीप धावला. आणि त्यांच्याही आधी परीक्षक मॅडम खुर्ची पाडून धावल्या आणि दोन्ही हात खाली धरले. रोटी त्यांच्या कोपरापर्यंत लपेटून बसली. आपल्या जागेवर उरली एकटी मैत्रेयी.

"बाई," तुळसाबाई म्हणाल्या, "परीक्षा पोरीची हाय का तुमची?"

मॅडम बाजूला झाल्या. तुळसाबाईंनी दुसरा गोळा घेतला. तो झुलला, पातळ होत गेला, इतका की पलीकडचा जाळ त्यातून दिसू लागला. मग मडक्यावर पसरला, एक सुरकुती नाही. हंसाबाईंनी नकळत हात जोडले होते. संघदीप आईच्या हाताकडे असा पाहत होता, की जणू तो हात त्यानं कधी पाहिलाच नव्हता.

मॅडमनी कोपरापर्यंत हात धुतले आणि कागद पुढे ओढला. 'विद्यार्थिनीने काय केले' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'काहीच नाही', आणि पुढे विसापैकी एकोणीस गुण दिले.

तुळसाबाई दुसरीपर्यंतच शिकलेल्या, पण आकडे त्यांना कळत. "एक काहून कापला?"

"रोटी घसरली तेव्हा ती अर्धी उठली होती, आजी. मग बसली."

तुळसाबाईंनी नातीकडे निरखून पाहिलं.

"मंग कमीच कापला," त्या म्हणाल्या.