झोपेची मार्गिका

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून इंजिनिअर दुसऱ्या दिवशीच्या जाहीर सुनावणीतल्या भाषणाची तालीम करत होता. समोर श्रोते दोन. मांडीवरच्या ढब्बूला दुधाची बाटली देत बसलेली त्याची बायको, आणि खुद्द ढब्बू. वय आठ महिने. गाल आधी आणि बाकीची मुलगी मागून येते, म्हणून हे नाव.

"तर नागरिकहो," इंजिनिअर म्हणाला, "आपल्या द्रुतगती रस्त्याला आणखी एक मार्गिका का हवी? खर्च डोळे पांढरे करणारा आहे, मान्य. पण ही दुपारची गर्दी बघा."

सकाळ-संध्याकाळ ऑफिसवाल्यांची गर्दी होते, त्यात नवल नव्हतं. पण हल्ली भर दुपारीही रस्ता तुंबायला लागला होता. तेव्हा ना ऑफिस सुटतं, ना शाळा. गाड्या येतात कुठून, जातात कुठे, आणि मुख्य म्हणजे इतक्या रेंगाळत का जातात, हे कुणालाच कळत नव्हतं. खांबावरच्या कॅमेऱ्याने केलेली मोजणी हातात धरून इंजिनिअर कित्येक आठवडे या कोड्याशी झटत होता. घरी यायचा तेव्हा ढब्बू झोपलेली असायची आणि बायको पेंगत असायची. हे कोडं दाखवूनच नवी मार्गिका मंजूर करून घ्यायची, असं त्याच्या साहेबांनी ठरवलं होतं. मंजूर झाली, की इंजिनिअरची बढती पक्की.

"बघ, हीच ती गर्दी," म्हणत त्याने कॅमेऱ्याचं चित्रण लावलं.

बायको बघत राहिली. मग बाटली खाली ठेवून म्हणाली, "थांबव जरा. ही गाडी आपली आहे."

"काहीतरीच काय. अशा गाड्या पैशाला पासरी मिळतात."

"मागच्या काचेत हत्तींच्या चित्रांची दुपटी अडकवलेली गाडीपण पैशाला पासरी मिळते का? ऊन लागतं म्हणून मीच अडकवते ती."

इंजिनिअरने चष्मा पुसला. चित्रण पुढे सरकलं. हत्ती डावीकडून उजवीकडे गेले. थोड्या वेळाने उजवीकडून डावीकडे आले. मग पुन्हा डावीकडून उजवीकडे.

"अगं, तू तिथे करतेस काय?"

"तुझ्या मुलीला झोपवते. पाळण्यात झोपत नाही, कडेवर झोपत नाही, खांद्यावर तर गाणी ऐकून वर हसते. पण गाडी त्या रस्त्याला लागली, की पुलापर्यंत डोळे मिटलेच. फक्त वेग वाढवायचा नाही आणि थांबायचं नाही. थांबलं की जागी. म्हणून पुलाखालून वळायचं आणि परत यायचं."

"आणि हे तू रोज करतेस?"

"रोज."

इंजिनिअरने स्वतःला सावरलं. "ठीक आहे. एक गाडी. एका गाडीने काही रस्ता तुंबत नाही."

बायको गप्प बसली. ती अशी गप्प बसली की पुढे काहीतरी असतं, एवढं लग्नानंतर त्याला कळायला लागलं होतं.

"बोल."

"लसीच्या रांगेत एकीला सांगितलं. ती बिचारी रडकुंडीला आली होती रे. तिने तिच्या जावेला सांगितलं. मग कुणीतरी फोनवर आमचा ग्रुप केला." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ही लाल गाडी जुळ्यांची आई. ही पांढरी, दात येताहेत ते बाळ. हिच्याकडे तिसरं आहे, ती तर पेट्रोल भरूनच घरातून निघते."

इंजिनिअर डोक्याला हात लावून बसला. यंत्राला माणसं ओळखता येत नाहीत, ते फक्त गाड्या मोजतं. एकेक आई येता-जाता मोजली गेली होती, आणि त्यांच्यामागे अख्खं गाव अंगाईच्या वेगाने सरकत होतं.

"म्हणजे एवढे दिवस मी ऑफिसात बसून..."

"आमच्याकडेच बघत होतास," बायको म्हणाली. "आणि मी रोज म्हणायची, या माणसाचं आमच्याकडे लक्षच नाही."

त्याने ढब्बूला उचलून घेतलं आणि बराच वेळ तिच्या मऊ टाळूवर हनुवटी टेकवून बसला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीआधी त्याने साहेबांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाळ झोपलेलं असो की जागं, गाडीला चाकं चारच ना? तू तुझं कोडं तेवढं मांड. उत्तर कुणी मागितलंय?"

सभागृह भरलं होतं. समोर अध्यक्षबाई, चेहरा असा की घड्याळानेही वेळ विचारून पुढे सरकावं. आधी एक शिंपी उठला. नव्या मार्गिकेत त्याच्या दुकानाची अख्खी ओळ जाणार होती.

"बाई, पँट कंबरेत सैल करून दिली, की गिऱ्हाईक सहा महिन्यांनी पुन्हा येतं. म्हणतं, अजून सैल करा. रस्त्याचंही तसंच. सैल कराल तेवढ्या गाड्या वाढतील."

"मग काय श्वास रोखून बसायचं?" मागून एक ट्रकमालक म्हणाला. "माझे टोमॅटो गर्दीत पिकतात, पोचेपर्यंत चटणी होते. आणि खर्चाचं म्हणाल, तर आज टाळाल तो उद्या दुप्पट होऊन बसेल."

"तुमच्या टोमॅटोसाठी माझं दुकान पाडणार का?"

"तुमच्या कात्रीसाठी मी उपाशी मरू का?"

अध्यक्षबाईंनी नुसती पेन्सिल आपटली. दोघंही बसले. "इंजिनिअर, दुपारच्या गर्दीचं बोला."

इंजिनिअर उठला. साहेब त्याच्याकडे बघत होते, बढतीही बहुधा तिथेच कुठेतरी बसून बघत होती. त्याने पडदा लावला. हत्ती डावीकडून उजवीकडे निघाले.

"ही," तो म्हणाला, "माझी बायको आहे."

सभागृहाला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्याने सगळं सांगितलं. लसीची रांग, जुळे, दात, पुलाखालचं वळण. हसू मागच्या रांगेत सुरू झालं आणि पुढे येईपर्यंत शिंप्याने ट्रकमालकाच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. साहेब तेवढे हसले नाहीत. आणि अध्यक्षबाईही नाहीत.

"पुन्हा मोजा," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यापासून. तोपर्यंत निर्णय नाही."

बढती गेली ती गेलीच. घरी आल्यावर इंजिनिअरने बायकोला सांगितलं, "पुढच्या आठवड्यापासून माझी सुट्टी. दुपारी मी नेतो हिला. तू झोप."

"तुला जमेल?"

"रस्ता माझाच आहे."

पण मधल्या दिवसांत वर्तमानपत्राने सुनावणीची बातमी छापली होती. 'न झोपणाऱ्या बाळांवर रामबाण उपाय,' असा मथळा देऊन, रस्त्याच्या नकाशासकट.

सोमवारी दुपारी इंजिनिअर ढब्बूला घेऊन रस्त्याला लागला आणि कॅमेऱ्याच्या खांबाखाली येऊन थांबला. पुढे गाड्या, मागे गाड्या, शेजारी गाड्या. एकही चाक फिरत नव्हतं. ढब्बू टक्क जागी होती आणि पाय नाचवत होती. प्रत्येक गाडीतून कुणी ना कुणी भोकाड पसरलं होतं.

शेजारच्या गाडीची काच खाली आली. आत अध्यक्षबाई, हातात खुळखुळा, मागे लालबुंद झालेला नातू.

"सुनेला म्हटलं, तू पड जरा, मी बघते," त्या ओशाळून म्हणाल्या. मग वर खांबाकडे बघितलं. "मोजणी आजपासूनच ना?"

"आजपासूनच."

"अरे देवा."

इंजिनिअरने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावणार, तेवढ्यात त्याचं लक्ष आजूबाजूला गेलं. पुढच्या गाडीत एक आजोबा बोबडं बोलत होते. लाल गाडीत जुळ्यांचा बाप दोन बाटल्या घेऊन घामाघूम झाला होता. पलीकडे कुणाचा तरी मामा स्टिअरिंगवर तबला वाजवत होता. एवढ्या लांब रांगेत स्टिअरिंगमागे एकही आई दिसत नव्हती.

त्याने फोन हळूच खिशात ठेवला, घरी झोपलेल्या बायकोपर्यंत आवाज जाऊ नये म्हणून.