दवाखान्याची शुद्धी

"फक्त अर्धा तास द्या मला. दवाखाना आतून-बाहेरून शुद्ध करून दाखवते!" बाईसाहेबांनी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत चहा पिता पिता जाहीर केलं. दोन दिवसांचं वास्तुशुद्धीचं शिबिर करून त्या परतल्या होत्या. येताना एक प्रमाणपत्र आणि सुकलेल्या पाल्याची मुठीएवढी जुडी घेऊन!

त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. रस्त्यापलीकडे काचेचा चकाचक दवाखाना उघडल्यापासून हे नुसते माशा मारत बसायचे. हल्ली तर माशाही तिकडेच जायच्या!

"अगं, त्याच्याकडे नवीन मशीन आहे, म्हणून लोक जातात."

"मशीनचं काय घेऊन बसलात! बारा वर्षं माणसं इथे येऊन कण्हताहेत. भिंतींनी ते सगळं शोषून घेतलंय. धूर दिला की भिंती मोकळ्या होतात."

डॉक्टर विज्ञानाचे कट्टर भक्त. पण संसारही करायचा होता. "पेशंटला त्रास नको," एवढंच पुटपुटून ते आत गेले.

आत खुर्चीत निवृत्त हेडमास्तर होते. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने तीन पिढ्या चळाचळा कापल्या, ते आता पहिलीतल्या पोरासारखे अंग चोरून बसले होते. दाढ काढायची होती. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि दाराकडे पाठ करून कामाला लागले.

बाहेरच्या खोलीत बाईसाहेबांनी जुडी पेटवली. ती नुसती धुमसायला हवी होती, पण चांगलीच भडकली! तशीच हातात धरून, डोळे मिटून त्या कोपरे फिरल्या आणि दाराच्या पडद्यापाशी जरा जास्तच रेंगाळल्या.

"आऽ!" हेडमास्तर दचकून म्हणाले.

"छान! असाच मोठा आ करा."

"आऽऽ! आऽऽऽ!" 'आग'मधला 'ग' कापसात अडकला होता. हेडमास्तर दाराकडे बोट नाचवायला लागले.

"बोट खाली, सर. घाबरायचं नाही. झालंच!" डॉक्टरांनी चिमट्यात दाढ पकडली.

आणि हेडमास्तर उठले! दाढ चिमट्यात राहिली, हेडमास्तर मागच्या दाराने रस्त्यावर! गळ्यात टॉवेल, तोंडात कापूस, थेट समोरच्या दवाखान्यात! तिथला तरुण डॉक्टर आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. पडदा विझला. सोबत बाईसाहेबही नखशिखांत पांढऱ्याफटक झाल्या. समोरच्या काचेला नाक लावून आठ पेशंट मजा बघत होते.

"संपलं! उद्या पाटी उतरवतो," चिमट्यातल्या दाढेकडे बघत डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन खणखणायला लागला. हेडमास्तरांनी गल्लीभर सांगितलं होतं, "दाढ कधी निघाली, कळलंसुद्धा नाही! काय धूर आहे!"

"अहो, ते इंजेक्शन होतं!" डॉक्टर प्रत्येकाला कळवळून सांगत होते.

"इंजेक्शन समोरचाही देतो," एका आजीबाईंनी सुनावलं. "आम्हाला धुराचीच दाढ काढायची आहे!"

दुपारपर्यंत बाक भरला. वहीत जागा उरली नाही. एवढ्यात दारात कोणीतरी घुटमळलं. समोरचा तरुण डॉक्टर!

"सर," बाईसाहेबांनी भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राकडे बघत, आवाज खाली आणत तो म्हणाला, "ते शिबिर नेमकं कुठे असतं हो?"

विज्ञानाच्या भक्ताने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग आत वळून हाक मारली, "अगं, तुझा पेशंट आलाय!"