एकमताने हरवलेले बटण

या, असे जवळ सरकून बसा. आज एका मानेची गोष्ट सांगायची आहे.

सेमारंग शहरातल्या एका दूरशिक्षण केंद्रात इबू वुरयानी (इबू म्हणजे तिकडच्या भाषेत बाई) संगणकाच्या पडद्यावरच्या मांडणीच्या प्रमुख होत्या. दूर सावू बेटावरच्या सुईणबाई योहाना लेदे यांनी केंद्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे अकराही धडे संपवले होते. शुक्रवार संध्याकाळपर्यंत परीक्षा दिली नाही, तर त्यांचा परवाना जाणार होता. आणि बेटाच्या त्या टोकाला दुसरी सुईण नव्हती. अडचण एवढीच, की परीक्षेचे बटण सापडत नव्हते.

बटण हरवले होते, पण अत्यंत शिस्तीत. मेन्यू पडद्यावर कुठे असावा यावर आधी समिती बसली होती. संचालक दार्मोको यांना तो डावीकडे हवा होता, शिक्षकांना वर, आणि संगणकवाल्यांना तीन आडव्या रेघांमागे झाकलेला, कारण हल्ली तसाच असतो. मतदान करून कुणाला पाडायचे, हे तिथे असभ्य. सगळ्यांच्या माना डोलेपर्यंत बसायचे, केळीच्या पानातला भात खायचा आणि ‘नाही’ न म्हणता ‘अजून नाही’ म्हणायचे. तिसऱ्या बैठकीत तिन्ही मेन्यू मंजूर झाले. कुणाचा अपमान नको म्हणून वाटणीही झाली: धडे डावीकडे, गुण वर, परीक्षा रेघांमागे.

इबू वुरयानींना घोळ स्पष्ट दिसत होता. बाई भाविक, आदल्याच संध्याकाळी खरे बोलण्यावरचे प्रवचन ऐकून त्यांनी ओढणीने डोळे टिपले होते.

“इबू, काही हरकत?” संचालकांनी विचारले.

“अजून नाही, साहेब.” मान डोलली.

बुधवारी योहानाबाईंचा फोन आला. कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबा, असे इबूंनी समजावले.

“त्यांच्यावर तुमचा डावा मेन्यू येऊन बसलाय, इबू. तो सरकवला की वरचा खाली येतो. आडवं आलेलं मूल मी या हातांनी सोडवलंय, पण हे काही सुटत नाही.”

इबूंनी स्वतःच्या फोनवर तासभर शोधले. बटण त्यांनाही भेटले नाही.

गुरुवारी तातडीची बैठक झाली. योहानाबाईंना परीक्षेचा थेट दुवा पाठवता आला असता, पण तो तिन्ही मेन्यूंवरचा अविश्वास ठरला असता. एखादा मेन्यू काढला, तर कुणाचे तरी मन दुखावले असते. म्हणून मेन्यू कसा वापरावा याचा नवा, सक्तीचा अभ्यासक्रम ठरला. तो आधी उत्तीर्ण व्हायचा. त्याची परीक्षा रेघांमागे.

“इबू, हरकत?”

योहानाबाईंचे नाव इबूंच्या जिभेवर आले होते. तेवढ्यात मान डोलून मोकळी झाली.

शुक्रवारी संध्याकाळी योहानाबाईंच्या पडद्यावर अतिशय नम्र अक्षरे उमटली: ‘उत्तीर्ण? अजून नाही.’ हा मजकूर इबूंनीच निवडला होता, कुणाला वाईट वाटू नये म्हणून.

तेव्हा उद्या तुमचे साहेब टेबलाभोवती नजर फिरवून “सगळ्यांना मान्य?” असे विचारतील, आणि तुमची मान, देवाने नमस्कारासाठी दिलेली ती, आपोआप हलू लागेल, तेव्हा त्या सुईणबाईंची तेवढी आठवण ठेवा. आत्तासुद्धा हलवलीत ना?